एरिक सातीच्या संगीतात एवढं काय हाय?

राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. भाच्यानं मोबाईलवर एरिक साती नावाच्या फ्रेंच माणसाचं 'जिम्नोपेदी' हे पियानोवरचं ऐकवलं, १८८८ चं हाय म्हणे. रात्री ओलिताले गेलो, लाईन रात्रीचीच असते, तं धुऱ्यावर बसून चारदा ऐकलं. डाव्या हातानं खालचा एक सूर, मंग एक कॉर्ड, म्हंजे तीन-चार सूर एकदम, उजवा हात कधी येते कधी येतच नाही, ना तान ना मुरकी. आमचा तबलजी म्हणते हे शिकाऊ पोराचं काम. पण मले ते डोक्यातून जाऊन नाही राहिलं. काऊन? आन् यानं संगीतात असा काय फरक पडला?

---

भाऊ, वाजवून पाय. सुरुवातीले दोनच कॉर्ड हायेत आलटून पालटून, पण सम आली आली वाटते आन् येतच नाही, म्हणून ते डोक्यात अडकते. तवा युरोपात वाग्नर नावाच्या जर्मन संगीतकाराची हवा होती, भले मोठे ऑर्केस्ट्रा, आन् हा पॅरिसच्या कॅबरेत पियानो वाजवून पोट भरे. त्याचा दोस्त, संगीतकार डेब्युसीनं यातल्या दोन जिम्नोपेदी ऑर्केस्ट्रासाठी बसवल्या. माणूस विक्षिप्तच, एकसारखे मखमली सूट अन् ढीगभर छत्र्या. पण चाळिशीले टेकल्यावर परत शाळेत बसून काउंटरपॉइंट, म्हंजे दोन-तीन चाली एकात एक गुंफणं, शिकला, हे तबलजीले सांगजा.

---

त्याचं 'व्हेक्सेशन्स' राहिलं ना राजेहो! एवढीशी रचना, वर टीप की ८४० वेळा वाजवायची असंल तर आधी शांत बसून तयारी करा. १९६३ मध्ये न्यूयॉर्कात अमेरिकन संगीतकार जॉन केजनं खरंच वाजवून घेतली, पियानोवाले पाळीपाळीनं बसले, १८ तासांवर चाललं. आपल्या सप्त्यात वीणा खाली टेकू देत नाहीत, पहारा बदलते, तसंच. पुढं अमेरिकेत तेच तेच थोडं थोडं बदलत वाजवणारे मिनिमलिस्ट आले, त्याइच्या आधीचा हा.

---

सप्त्याशी नोका जोडू जी. तिथं नाम असते, इथं 'व्हेक्सेशन्स' म्हंजे नावच 'वैताग' हाय 😄 मले त्याचं 'फर्निचर संगीत' पटते, खुर्ची-टेबलासारखं पडून राहायचं, लक्ष द्यायचं नाही. १९२० ले वाजवलं तं लोक गुपचूप ऐकत बसले, हा बोंबलत फिरे, बोला, फिरा, ऐकू नोका म्हणून! इंग्रज संगीतकार ब्रायन इनोचं १९७८ चं विमानतळाचं संगीत त्याच वाटेवरचं.

---

प्रश्नवाला परत. काल पेटीवर पाहिलं. जमत नाही, बोट उचललं की खालचा सूर मरते, पियानोत तो घुमत राहते आन् सारी गंमत त्या घुमण्यातच हाय. तबलजी बाजूले गुमान बसून होता, मी थांबलो तं म्हणते, काऊन थांबला बे?