गोर यांना फ्लोरिडाने नाही, टेनेसीने पाडलं

मर्फ्रीसबोरोकर:
कालच्या धाग्यावर पेठकर यांनी लिहिलं, ‘2000 साली अल गोर यांना नेडरने आणि फ्लोरिडाने पाडलं. टेनेसी गेलं त्याचं काय एवढं? दक्षिणेतलं मागास राज्य ते, तिथे डेमोक्रॅट कसा निवडून येणार?’ तीन वाक्यांत विषय मिटवला. (नवीन वाचणाऱ्यांसाठी: गोर तेव्हा उपाध्यक्ष होते आणि अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार, समोर रिपब्लिकन बुश, नेडर तिसऱ्या ग्रीन पक्षाचे. टेनेसी हे गोर यांचं घरचं राज्य.) मला तो मिटवता येत नाही, म्हणून वेगळा धागा.

मी 1988 पासून या ‘मागास’ राज्यात राहतो. 1999 मध्ये नागरिक झालो आणि अमेरिकेतलं माझं पहिलं मत गोर यांनाच दिलं. तेव्हा हे विरोधकाचं बोलणं समजू नका.

आधी हिशेब. प्रत्येक राज्याची ठरलेली इलेक्टोरल मतं असतात, टेनेसीत किंवा फ्लोरिडात जो जिंकेल त्याला तिथली सगळी मिळतात. गोर यांना 266 इलेक्टोरल मतं पडली. टेनेसीची होती 11. बेरीज 277, लागत होती 270. बुश फ्लोरिडा 537 मतांनी जिंकले, ती मतं, फेरमोजणी, सुप्रीम कोर्ट, कशाचीच गरज उरली नसती. आणि टेनेसीत ते 537 ने नाही, 80 हजारांनी हरले. नेडरला इथे पुरती 20 हजारसुद्धा पडली नाहीत. ती सगळी गोर यांच्या पदरात घातली तरी 60 हजार कमीच. मग नेडरचं नाव कशाला?

‘कसा निवडून येणार’ म्हणता? दहाच वर्षं आधी, 1990 मध्ये, सिनेटच्या निवडणुकीत गोर यांनी राज्यातल्या 95 च्या 95 काउंट्या (आपले जिल्हे म्हणा) जिंकल्या होत्या. 1992 आणि 1996 मध्ये क्लिंटन-गोर जोडीने टेनेसी घेतलं. माणसं तीच, गावं तीच.

ऑक्टोबर 2000 मध्ये मी प्रचाराला दारोदार फिरलो. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्याने मला पडवीत बसवलं, इथला तो गोड गार चहा दिला. म्हणाला, याचा बाप सिनेटर होता तेव्हा आमच्या दुकानात येऊन टेकायचा, पीकपाण्याचं विचारायचा. पोरगा मला टीव्हीवरच दिसतो. त्याने मत बुशना दिलं. बुश त्याला फार आवडत होते असंही नाही. त्याला राग होता, आणि राग घरच्याच माणसावर येतो.

पेठकर:
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर देतो.

तुमच्या त्या म्हाताऱ्याचा पुरावा तुमच्यावरच उलटतोय. दुकानात येऊन टेकणारा तो बाप, आल्बर्ट गोर सीनियर, 1970 मध्ये याच टेनेसीत सिनेटची जागा हरला. बिल ब्रॉकने पाडलं. आरोप कोणता होता? हाच, की वॉशिंग्टनचा झाला, गावाचा राहिला नाही. व्हिएतनाम युद्धाला विरोध, शाळेतल्या प्रार्थनेचा प्रश्न, 1956 मध्ये वंशभेदाच्या बाजूने काढलेल्या दक्षिणी जाहीरनाम्यावर सही नाकारणं, हे त्याचे गुन्हे. म्हणजे पीकपाण्याची चौकशी करूनही लोकांनी पाडायचा तो पाडलाच.

1990 चं सांगता, मग 1994 का गाळता? त्या एका वर्षी सिनेटच्या दोन्ही जागा आणि गव्हर्नरपद रिपब्लिकनांनी नेलं. गोर यांची स्वतःची जुनी जागा फ्रेड थॉम्पसनकडे गेली. सगळी दक्षिण सरकत होती, तिच्याबरोबर टेनेसीही सरकलं. गोर दर रविवारी आपल्या गावच्या, कार्थेजच्या चर्चमध्ये बसले असते तरी हेच झालं असतं.

आणि बंदुका. मे 1999 मध्ये सिनेटमध्ये 50-50 झाल्यावर बंदुकांच्या जत्रेतल्या खरेदीदाराची तपासणी व्हावी म्हणून गोर यांनी उपाध्यक्ष या नात्याने निर्णायक मत दिलं. कोलंबाइनच्या शाळेतल्या गोळीबारात मुलं मरून महिना झाला होता. योग्य मत होतं, आणि त्याची किंमत ग्रामीण टेनेसीत मोजावी लागली. याला घर विसरणं म्हणायचं असेल तर म्हणा.

अनघा_बॉस्टन:
दोघांनाही विचारते, घरचं राज्य हरणं म्हणजे कलंकच असं कुणी ठरवलं? टेनेसीचाच जेम्स पोक 1844 मध्ये आपलं राज्य अगदी थोड्या मतांनी हरला आणि अध्यक्ष झाला. विल्सन 1916 मध्ये न्यू जर्सी हरले, ट्रंप 2016 मध्ये न्यू यॉर्क हरले, दोघंही जिंकले. 

आमच्याकडे रॉम्नी होते, 2012 चे रिपब्लिकन उमेदवार. चार वर्षं मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर, 2006 चा आरोग्य विम्याचा कायदा त्यांच्या सहीने झाला. माझ्या मुलाच्या दम्याची औषधं त्या कायद्यामुळे परवडली, हे मी विसरलेले नाही. पण नंतर हा माणूस दुसऱ्या राज्यांत जाऊन आमच्याच राज्यावर विनोद करू लागला, आणि आपलाच कायदा देशाला नको म्हणू लागला. 2012 मध्ये आम्ही त्यांना चाळीस टक्केसुद्धा मतं दिली नाहीत. मी स्वतः कृतज्ञ असूनही दिलं नाही. मर्फ्रीसबोरोकर, तुमचा म्हातारा मला कळतो. पण गोर यांनी टेनेसीवर कधी विनोद केला नाही, ही तुलना करताना ध्यानात ठेवा.

निपाणकर:
माझ्या मते खरं कारण कुणीच लिहीत नाही. तंबाखू.

1988 मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी मागताना हेच गोर नॉर्थ कॅरोलिनात जाऊन सांगत होते की मी स्वतःच्या हाताने तंबाखू लावलाय, कापलाय, कोठारात टांगलाय, विकलाय. 1996 मध्ये पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनात तेच उभे राहून बहीण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली ती गोष्ट सांगतात, आणि तंबाखूविरुद्ध आयुष्यभर लढण्याची शपथ घेतात. बहीण गेली 1984 मध्ये. मग 1988 चं भाषण कशात बसवायचं? दुःख खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्या कोठारात अजून पीक टांगलेलं आहे त्या शेतकऱ्याने हे टीव्हीवर बघून काय समजायचं?

आमचं घर निपाणीच्या बाजूला. 1981 मध्ये शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूवाले पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आजोबा आणि काका रस्त्यावरच झोपायचे, आई भाकरी बांधून द्यायची. पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. भाव मागत होते, दुसरं काही नाही. व्यापारी वजनात तूट धरायचा, भाव स्वतःच ठरवायचा, पैसे द्यायचा ते त्याच्या सोयीने. तेव्हा शहरातल्या लोकांनी विचारलं, विषच पिकवता, भाव कसला मागता? ते वाक्य माझ्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

वेदगंगा:
निपाणकर, मीही तिथलीच आहे, म्हणून राहवत नाही. माझी आई विड्या वळायची, हजार विड्यांमागे मजुरी. वडील तोंडात तंबाखूची गोळी धरूनच झोपायचे. जबडा काढावा लागला, त्यानंतर अकरा महिने जगले. शेवटी पेजसुद्धा नळीने जायची. ते शब्दांत बोलू शकत नव्हते, पाटीवर लिहायचे.

तुमचे काका रस्त्यावर झोपले त्याबद्दल मला आदर आहे. पण ‘भाषण कशात बसवायचं’ हे जे विचारलंत ना, ते मी सांगते. वडील गेल्यानंतर आमच्या शेतात चार वर्षं तंबाखूच होता. कर्ज होतं, दुसरं पीक जमत नव्हतं. मी स्वतः शेंडे खुडले आहेत. माणूस मेला की दुसऱ्या दिवशी शहाणपण येत नाही, त्याला वर्षं लागतात. गोर यांना बारा लागली. त्यात ढोंग शोधणारे तुम्ही कोण?

निपाणकर:
ताई, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही खुडलेल्या शेंड्यांवर मतं मागितली नव्हती. त्यांनी मागितली होती. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

वेदगंगा:
आणि तुम्ही शेतकऱ्याच्या नावाने ज्या धंद्याची बाजू घेताय, त्या धंद्याने शेतकऱ्याला काय दिलं? भाव तुम्हाला मिळाला नाही, जबडा आम्हाला मिळाला. पैसा वखारवाल्याकडे. इतकं दिसत असून तुमचा राग बहीण गमावलेल्या माणसावर!

निपाणकर:
मी धंद्याची बाजू घेतलीच नाही! वाचा परत. वखारवाल्याला शिव्या घालण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. मी म्हणतोय की वरून बोलणाऱ्या प्रत्येकाला शेतकऱ्याचं पीक दिसतं, पोट दिसत नाही. तुम्ही निपाणीच्या असून हे मला तुम्हालाच समजवावं लागतंय याचा त्रास होतो.

पेठकर:
धागा अमेरिकेच्या निवडणुकीचा आहे. तंबाखूवर वेगळा धागा काढा.

वेदगंगा:
अवांतर वाटत असेल तर वाचू नका. ज्यांच्या घरातून माणूस गेलाय त्यांना हे अवांतर नसतं.

मर्फ्रीसबोरोकर:
अवांतर नाही, मीच सांगतो. इथे 1938 पासून कोटा पद्धत होती: कुणी किती तंबाखू विकायचा ते सरकार ठरवणार, त्या बदल्यात भावाची हमी. टेनेसीत बर्ले जातीचा तंबाखू, लहान लहान तुकडे, दोन-तीन एकरांवर मुलांचं शिक्षण काढलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांची खरेदी उतरली तसा कोटा जोरात कापला गेला. त्याच सुमाराला क्लिंटन सरकार सिगारेटवर औषध खात्याचं नियंत्रण आणू पाहत होतं, मार्च 2000 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते अडवलं. कोटा कुणी कापला आणि नियंत्रण कुणी आणलं हे वेगळं काढून बघायला कुणाला वेळ नव्हता. कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावरचा माणूस शनिवार-रविवार बापाच्या कोठारात तंबाखूच्या काठ्या टांगायचा. तो म्हणायचा, सिगारेट वाईट आहे हे मला माहीत आहे, माझी आजी त्यानेच गेली. पण अल आमच्यातला होता, त्याने आधी आम्हाला येऊन सांगायला हवं होतं.

निपाणकर आणि वेदगंगा, तुम्ही दोघं जे बोलताय ते दोन्ही त्या एका माणसाच्या डोक्यात होतं. त्याने मतच दिलं नाही.

अनघा_बॉस्टन:
‘आधी आम्हाला येऊन सांगायला हवं होतं’ यावर मी नमते. फक्त इथवरच. तापमानवाढीवर त्या माणसाने इतकी वर्षं जीव ओतला, त्याची मोजदाद तुमच्या राज्याने केली नाही याचं मला दुःख आहेच. शिवाय त्याचं बालपण वॉशिंग्टनच्या हॉटेलात गेलं, उन्हाळा तेवढा कार्थेजच्या शेतावर. बाप सिनेटर होता हा मुलाचा दोष नाही. आपली मुलं वर्षातून तीन आठवडे आजोळी जातात, आणि कुणी त्यांना ‘तू इथला नाहीस’ म्हटलं तर आपल्याला कसं लागतं?

मर्फ्रीसबोरोकर:
लागतं. माझ्या मुलीला सांगलीत म्हटलं आहे, तिने तीन दिवस तोंड उघडलं नाही. पण ती सांगलीत मतं मागायला गेली नव्हती, अनघाताई.

पेठकर, सीनियर गोर यांच्या 1970 च्या पराभवाचं तुमचं बरोबर आहे. तो मुद्दा मी टाळला होता, कारण तो मला अडचणीचा होता. 1994 चंही मान्य. तरी 1996 मध्ये राज्य मिळालं होतं, थोडक्यात का होईना, म्हणजे दार बंद झालेलं नव्हतं. ते उघडं ठेवायला कुणी आलं नाही, आलं ते फार उशिरा. प्रचाराचं मुख्य कार्यालय वॉशिंग्टनहून नॅशव्हिलला हललं ते ऑक्टोबर 1999 मध्ये. निकालाच्या रात्री आम्ही नॅशव्हिलच्या वॉर मेमोरियल चौकात पावसात उभे होतो. टेनेसी बुशच्या खात्यात गेल्याचं पडद्यावर आलं तेव्हा आजूबाजूचे लोक फ्लोरिडाचाच आकडा विचारत होते. मला तेव्हाच रडू आलं, फ्लोरिडाला अजून अवकाश होता.

डिसेंबरात हार मान्य करताना गोर यांनी स्वतःच सांगितलं की आता टेनेसीला जाऊन कुंपणं दुरुस्त करणार, शेताचीही आणि माणसांमधलीही. मी रचून बोलत नाही, त्यांना ते कळलं होतं.

पेठकर:
कुंपणाचं भाषण मी ऐकलंय. ते हरल्यावरचं आहे, त्यावरून हरण्याचं कारण सिद्ध होत नाही.

‘मागास’ हा शब्द मागे घेतो. तो लिहायला नको होता, विशेषतः त्या यंत्रावरच्या माणसाबद्दल वाचल्यावर. टेनेसीपुरता नेडरही मागे घेतो, आकडे तुमचे बरोबर आहेत. फ्लोरिडात मात्र त्याला 97 हजार मतं पडली होती आणि फरक होता 537. तिथला नेडर मी सोडणार नाही.

वेदगंगा:
निपाणकर, तुमच्या काकांचं गाव कोणतं? रस्त्यावर भाकरी पोचवायला माझी आईही जायची.