लाकडाची लागवड परवडते, की फक्त गिरणी?

वलय (धागाकर्ता):
इमारती लाकडासाठी झाडे लावणे हा स्वतंत्र धंदा म्हणून तोट्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. झाड वाढत नाही म्हणून नव्हे, व्याज त्याच्यापेक्षा वेगाने वाढते म्हणून. रोपे, खड्डे, कुंपण, पहिल्या तीन वर्षांची तणकाढणी हा सगळा खर्च सुरुवातीलाच होतो आणि मुख्य तोड 25व्या वर्षी येते. 8 टक्के दराने सुरुवातीचे 100 तोवर 685 झालेले असतात, 30 वर्षे थांबलात तर 1006. जमिनीचे भाडे तर धरलेलेच नाही. लाकूड चिरण्याच्या गिरणीत ओंडका आला की थोड्याच आठवड्यांत माल बाहेर पडतो. पैसा घालायचा तर तिथे घाला आणि ओंडके विकत घ्या.

विरळणी:
गणित बरोबर, पण मधले उत्पन्न कुठे गेले? 3×2 मीटरवर हेक्टरी 1667 झाडे लागतात. ती सगळी शेवटपर्यंत ठेवायची नसतातच. आठव्या वर्षी विरळणीतून, म्हणजे मधली काही झाडे तोडून, आलेले 100, त्याच 8 टक्क्यांनी 25व्या वर्षीच्या 370 च्या तोलाचे असतात.

तोटा होतो तो विरळणी लांबवल्यामुळे. दाटीत खालच्या फांद्या वाळतात, हिरवा माथा आखूड होतो आणि नंतर जागा मोकळी केली तरी झाड जाडी धरत नाही. शिवाय असे उंच, बारीक बुंधे एकदम उघडे पडले की वाऱ्याने मोडतात. जाडीवरच तर सगळे आहे: 20 सेंमीचा ओंडका 40 चा झाला की तेवढ्याच लांबीत लाकूड चौपट!

पातळ_पाते:
'गिरणीत पैसा' हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. ओंडक्याच्या घनफळापैकी चिरीव माल साधारण निम्माच निघतो. बाकी सालपाट, कडा, भुसा. 25 मिमीची फळी 4 मिमी चिरेच्या (चीर म्हणजे पाते खाते ती रुंदी) गोल करवतीने काढली तर दर 29 मिमीमागे 4 मिमी, म्हणजे जवळपास 14 टक्के लाकडाचा भुसा होतो. 2 मिमी चिरेच्या पट्टा करवतीने तेच 7.4 टक्क्यांवर येते. पण पाते बोथट असेल, ताण कमी असेल किंवा ओंडका जोरात रेटला तर पाते भरकटते, फळी एका टोकाला 25 आणि दुसऱ्या टोकाला 22 भरते. मग ती पातळ मापात रंधावी लागते आणि वाचवलेले सगळे तिथेच जाते.

वलय:
@विरळणी, जाड ओंडक्याची वाट बघायचीच कशाला? ओंडका फिरवत त्याचे पातळ पापुद्रे सोलणाऱ्या, पण तो मधोमध दांड्याने (स्पिंडल) न धरणाऱ्या पीलिंग मशीनने चित्र बदलले आहे. 20 सेंमीच्या ओंडक्यात 12 सेंमीचा गाभा उरला तर 36 टक्के लाकूड वाया. 4 सेंमीपर्यंत सोलता आला तर फक्त 4 टक्के. सात-आठ वर्षांत तोडा आणि प्लायवूडला द्या.

विरळणी:
प्लायवूडला चालेल, तिथे आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात. फळ्यांना नाही. पहिल्या दहा-पंधरा वलयांचे कोवळे लाकूड हलके असते आणि लांबीतही आक्रसते. पक्के लाकूड लांबीत 0.1 ते 0.3 टक्के आक्रसते, कोवळे कधी कधी 2 टक्क्यांपर्यंत. एकाच फळीची एक कड कोवळी आणि दुसरी पक्की असली की वाळताना ती धनुष्यासारखी वाकणारच. एकच गिऱ्हाईक धरून सगळी लागवड सातव्या वर्षी तोडायला काढणे म्हणजे भाव ठरवण्याचा हक्क त्याच्या हाती देणे.

भट्टी:
दोन्ही बाजू वाळवणी विसरताहेत. चिरकाम गिरणीतली सर्वाधिक ऊर्जा तिथेच जाते आणि मालही तिथेच बिघडतो. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली गेला की लाकूड आक्रसू लागते. तेव्हा उष्णता घाईने वाढवली तर बाहेरचा थर ताणलेल्या अवस्थेत घट्ट होतो, मग आतला भाग आक्रसताना आतूनच फाटतो. फळी वरून निर्दोष दिसते, दोष चिरल्यावरच कळतो. म्हणून शेवटी वाफ देऊन ताण सोडवायचा, नमुन्याचा तुकडा काट्यासारखा कापून त्याचे दात आत वळतात का, म्हणजे ताण उरला आहे का, ते बघायचे आणि मगच भट्टी उघडायची. फळ्यांच्या थरांमध्ये हवेसाठी ठेवलेल्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत हव्यात. पट्टी सरकली की फळी तिथेच लोंबते. दुप्पट जाडीला वेळ दुप्पट नव्हे, तिपटी-चौपटीने लागतो. भट्टी किती घ्यायची ते यावर ठरवा.

पातळ_पाते:
@भट्टी, पूर्ण सहमत. वाहतूकही इथेच जोडा. घनमीटरला 500 किलो कोरडे लाकूड आणि तितकेच पाणी असलेला ओंडका 1000 किलो भरतो. असे 2 घनमीटर चिरून, वाळवून सुमारे 1 घनमीटर, 560 किलोच्या आसपास माल होतो. म्हणजे 2000 किलो हलवायचे की 560, हा प्रश्न आहे. गिरणी लागवडीजवळच हवी, आणि तिथे लागवड मालकीची नसेल तर वर्षभर ओंडके मिळण्याचा लेखी करार तरी हवा.

वलय:
करार मान्य. जमीन विकत घेणे अजूनही नाही. पण मग उरलेल्या निम्म्या लाकडाचा हिशेब मांडा.

भट्टी:
साल काढलेल्या ओंडक्याचे स्वच्छ तुकडे लगदा किंवा पार्टिकल बोर्डला जातात. साल मिसळली की भाव पडतो, म्हणून साल चिरण्याआधी काढा. भुसा बॉयलरला. पण निम्मे पाणी असलेला भुसा किलोमागे सुमारे 8 मेगाज्यूल देतो, वाळलेला त्याच्या दुप्पट. ओला भुसा उघड्यावर पावसात ठेवून वर भट्टीसाठी इंधन विकत घेणारी गिरणी लागवडीच्या व्याजाने बुडत नाही, त्या ढिगाऱ्याने बुडते. आधी छप्पर घाला.