अनुभव धागा: शाळेतील इंग्रजी साहित्य आणि लेखन

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आले. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू होई. इंग्रजी बोलण्याचा प्रश्न बाजूला ठेवून, त्या तासाच्या कथा-कवितांनी आणि लेखनाने तुम्हाला काय दिले, ते सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षिका, सातारा
सीबीएसईच्या नववीला अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘द रोड नॉट टेकन’ ही, रानात फुटलेल्या दोन वाटांपैकी एक निवडणाऱ्या प्रवाशाची कविता मी अनेक वर्षे शिकवली. ‘कमी रुळलेली वाट धरावी, हा कवितेचा संदेश’ हे गाइडमधले उत्तर मुले तोंडपाठ करूनच वर्गात येत. मी त्यांना दुसरे कडवे मोठ्याने वाचायला लावी. तिथे कवी स्वतःच सांगतो की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच झिजलेल्या होत्या. मग शेवटी ‘मी कमी रुळलेली वाट धरली आणि त्यानेच सारा फरक पडला’ असे तो का म्हणतो, असा प्रश्न कोणीतरी हमखास विचारी, आणि हे वाक्य कवी आज उच्चारत नसून पुढे कधीतरी उसासा टाकत आपण असे सांगू म्हणतो, हे मुलेच शोधून काढीत. माणूस आपल्या निवडीची गोष्ट मागाहून कशी रचतो, यावर चौदा वर्षांची मुले तासभर बोलत आणि मग स्वतःचे उत्तर लिहीत. छापील मजकुराला ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारण्याची सवय त्यांना लागली, यापेक्षा मोठे काही मी शिकवले असे मला वाटत नाही.

अभियंता, नाशिक
मला उपयोगी पडले ते संक्षेपलेखन. उताऱ्याचा एक तृतीयांश करताना उदाहरणे गाळायची आणि कारण मात्र सोडायचे नाही, हे तेव्हा अंगवळणी पडले. आज यंत्रातील बिघाडाचा अहवाल लिहिताना मी तेच करतो.

पालक, पुणे
वरील अनुभव वाचून हेवा वाटला. माझ्या मुलीच्या शाळेत निबंध फळ्यावरून उतरवून घेतात. तिने स्वतःच्या आजोळच्या विहिरीवर लिहिलेला परिच्छेद ‘नमुन्याप्रमाणे नाही’ म्हणून खोडला गेला, याचे मला फार वाईट वाटले. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे स्वतंत्र लेखन तपासणे कसे जमवता येते, हे येथील शिक्षकांनी कृपया सांगावे.