मदत हवी आहे: जुन्या मियाटाच्या लाल रंगाचे टवके कसे भरू?

मंडळी, न्यू जर्सीत कोणी जुन्या गाडीचं रंगकाम घरी केलंय का? माझी १९९० ची माझदा मियाटा आहे, उघडता येणाऱ्या टपाची छोटी गाडी; रंग क्लासिक रेड, कंपनीचा रंग-कोड एसयू. खडी उडून बॉनेटच्या पुढच्या कडेला टवके गेलेत, काही ठिकाणी रंगाखालचा प्रायमर दिसतोय. बाकीचा रंग उन्हाने गुलाबीसर पडलाय. डिकीच्या आतल्या कडेला पॉलिश लावून घासलं तर पांढरं फडकं लाल झालं, म्हणजे वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाहीच.

बारीक ब्रशने टच-अपचे पातळ थर द्यायचे, नीट वाळले की २००० नंबरच्या अगदी बारीक वॉटर पेपरने सपाट करायचे, इथवर ठीक. पण कोडप्रमाणे आणलेला ताजा लाल या विटलेल्या लालात उठून दिसणार. मग आधी सगळी गाडी कंपाउंडने (वरचा विटलेला थर काढणारी पेस्ट) घासून मूळ रंग वर आणू का? पुढचा बंपर प्लास्टिकचा, त्याला वेगळं काही लागतं का?

मागच्या चाकापुढे दाराखालच्या पट्टीवर फोड आलेत. टपाचं पाणी जायच्या वाटा तुंबल्या की या गाड्या तिथे आतून गंजतात, त्यामुळे ते काम गॅरेजलाच देईन. 'सगळीच रंगवून घ्या' हा सल्ला मिळालाय, पण कारखान्याचा रंग घालवायचं जिवावर येतं. एडिसनच्या आसपास कोणी भरवशाचा पेंटर ठाऊक असेल तर जरूर कळवा.