मदत हवी आहे: माकडांवरच्या चाचण्यांना पर्याय कुठवर आलेत?

नमस्कार मंडळी. मुलीला वादविवाद स्पर्धेत हा विषय आलाय आणि तिच्याबरोबर वाचताना माझीच झोप उडालीय. पोलिओच्या लशीसाठी विषाणू ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर वाढवला होता, हे विसरता येत नाही. पण एकटं कोंडलेलं माकड स्वतःलाच चावतं, केस उपटतं, हेही खरं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये चिंपांझींवरच्या प्रयोगांना पाठबळ देणं थांबवलं. मकाक माकडांवरचे (ऱ्हीसस याच गटातलं) प्रयोग चालूच आहेत.

मेंदूच्या आजारांवरची औषधं तपासताना ऑर्गनॉइड (पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली अवयवाची छोटी प्रतिकृती) किंवा ऑर्गन-ऑन-चिप (जिवंत पेशी बसवून अवयवासारखं काम करणारी छोटी चिप) माकडाची जागा खरंच घेऊ शकतात का? प्रयोगशाळेत काम केलेल्यांनी कृपया सांगा. आणि प्रयोग संपल्यावर त्या माकडांचं पुढे काय होतं? मुलीचा पहिला प्रश्न तोच होता.