प्रतिसाद: हॉर्न बदलायच्या आधी
जुन्या गाडीचा हॉर्न घोगरा वाजतो म्हणून नवाच बसवा असं वर सुचवलंय, पण प्लीज एवढ्यात काढू नका. आधी बॅटरीवरून दोन वायरी थेट हॉर्नला लावून बघा, खणखणीत वाजला तर दोष वायरिंग नाहीतर अर्थिंगमध्ये (म्हणजे ब्रॅकेट आणि बॉडीतून करंट बॅटरीकडे परत जायच्या जोडणीत), आणि बऱ्याचदा ब्रॅकेटखालचा गंजच निघतो, पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. तरी घोगराच असेल तर अ‍ॅडजस्टिंग स्क्रू अगदी थोडा थोडा, पाव आट्याहून कमी फिरवत जा. ओरिजिनलचा भरदार आवाज नव्यात येत नाही हो! जोडहॉर्न लावायचेच असतील तर रिले (बटणाच्या थोड्याशा करंटवर चालून हॉर्नचा मोठा करंट चालूबंद करणारा स्विच) हवाच, नाहीतर सगळा करंट स्टिअरिंगच्या बटणातून जाऊन कॉन्टॅक्ट जळतात. गाडी ६ व्होल्टची असेल तर रिलेही ६ चाच घ्या.