मदत हवी आहे: इलियमच्या मेसेंटरीतली चरबी काढताना व्हासा रेक्टा तुटतात

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मृतदेहाच्या विच्छेदनात जेजुनम (लहान आतड्याचा दुसरा भाग) आणि इलियम (तिसरा, शेवटचा भाग) शेजारी शेजारी दाखवायचे आहेत, तेही मेसेंटरीसकट (आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारा पडदा, ज्यातून रक्तवाहिन्या आतड्याकडे जातात). एक लूप डीजे फ्लेक्शरजवळचा (जिथे जेजुनम सुरू होतं ते वळण), दुसरा इलिओसीकल जंक्शनच्या (जिथे इलियम मोठ्या आतड्याला मिळतं) थोडा आधीचा. मधला भाग मुद्दाम सोडलाय. तिथे बदल हळूहळू होतो आणि मुलं हमखास गोंधळतात.

जेजुनमचं काम सोपं आहे. १-२ आर्केड (धमन्या एकमेकींना जोडून झालेल्या कमानींच्या रांगा), लांब व्हासा रेक्टा (कमानींपासून आतड्याच्या काठाकडे सरळ जाणाऱ्या बारीक धमन्या), मध्ये चरबी नसलेल्या खिडक्या. उजेडासमोर धरलं की झालं. अडचण इलियमची. चरबी थेट आतड्याच्या काठापर्यंत, आर्केड ३ ते ५, व्हासा रेक्टा आखूड. त्यात फॉर्मलिनने (मृतदेह जतन करायचं रसायन) सगळं चिवट झालेलं, चिमटा ओढला की चरबीबरोबर धमनीही येते.

सध्या पेरिटोनियमचा (मेसेंटरीवरच्या पातळ आवरणाचा) एकच पदर सोलतो, शिरा काढून टाकतो आणि बोथट चिमटा धमनीला समांतर ठेवून मुळाकडून काठाकडे जातो. आर्केड छान सुटतात, काठाजवळ मात्र तुटतंच.

आधीच एम्बाल्म केलेल्या (रसायन भरून जतन केलेल्या) शरीरात सुपीरियर मेसेंटरिक धमनीतून (या आतड्याला रक्त देणारी मुख्य धमनी) लाल लॅटेक्स (द्रव रबर) भरलं, तर ते व्हासा रेक्टापर्यंत पोचतं का? गुठळ्या आधी कशा धुवायच्या? आणि चरबी सैल करायला कोमट पाणी वापरलं, तर आतड्याची भिंत टिकते का? स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.